साकवाची ठेव

मेलेल्या माणसाचंही उत्पन्न सरकारला सांगावं लागतं, आणि ते त्याच्या वारसाने सांगायचं असतं, हे वनमाला तोरसकरला बाबा गेल्यावर दीडेक महिन्याने कळलं. ती ज्या कॉलेजात ग्रंथपाल होती तिथल्या हिशेबनिसांनी ग्रंथालयात येऊन हळूच सुचवलं होतं, "कारखान्याकडून पैसे आले असतील ना? एकदा कोणाला तरी विचारून घ्या. कशावर कर पडतो, कशावर पडत नाही." त्यांनीच शिवदासभाईंचा पत्ता दिला.

शिवदासभाईंचं ऑफिस मुलुंड पश्चिमेला, एका फरसाणवाल्याच्या वरच्या माळ्यावर होतं. खाली दिवसभर गाठिया तळले जात. लाकडी जिना चढताना कठड्याला हात लावला की बोटं तेलकट होत. वर गेलं की कढईचा चर्र आवाज, खालच्या पोऱ्यांची आरडाओरड, त्यात टाइपरायटरची खडखड. शिवदासभाईंना त्याची इतकी सवय झालेली होती की शांत जागी गेले तर बहुधा त्यांना बोलताच आलं नसतं.

"सगळं सांगा बेन," ते म्हणाले. "जे जे आलं ते. पैसा आला म्हणजे इन्कम झाला असं नाय. पण आधी सगळं समोर पाहिजे. भाजी निवडायला बसलो आणि अर्धी जुडी पिशवीतच ठेवली तर कसं चालेल?"

वनमालाने कागद पुढे केले. सहदेव तोरसकर, भांडुपच्या एका कारखान्यात हजेरी कारकून. गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला नव्हता, तेव्हा हजेरीच्या खिडकीशी बसल्या बसल्याच गेले. निवृत्तीला थोडाच अवधी राहिला होता.

"फंड?" शिवदासभाईंनी कागद उचलला. "याच्यावर कर नाय. बाजूला. ग्रॅच्युइटी? नाय. बाजूला. विमा? तो तर माणूस गेल्याचा पैसा, त्याच्यावर सरकार काय घेणार! बाजूला." ते खरोखरच भाजी निवडावी तसे कागद डावी-उजवीकडे टाकत होते. "हे काय? कामगारांनी वर्गणी काढून दिले? ते प्रेमाने दिले बेन, ते इन्कम नाय. पगार, तो मात्र इकडे. मरणाच्या दिवसापर्यंतचा पगार इन्कम. गावाला काय हाय?"

"चार आंब्याची झाडं. थोडे काजू. चुलते बघतात. वर्षाला काही पाठवतात, कधी नाही पाठवत."

"शेतीचा. माफ. बाकी काही वरकमाई? ट्यूशन? दलाली?"

"भजनात पखवाज वाजवायचे. त्याचा नारळ मिळायचा."

शिवदासभाई हसले. "नारळावर अजून टॅक्स बसवला नाय." मग पगाराच्या कागदावर आकडेमोड करून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "हा माणूस कायम रेषेच्या खाली. सवलती वजा केल्या की करपात्र काही उरतच नाय. म्हणून कधी रिटर्न भरलेला नाय, आणि त्यात काही चूक नाय. झालं बेन. चाय घ्या."

चहा आला. वनमालाने पर्समधून शेवटचा कागद काढला. तो तिने मुद्दाम मागे ठेवला नव्हता. तो काय आहे हे तिलाच नीट कळलं नव्हतं. बँकेकडून आलेली सूचना: आपल्या मुदतठेवीची मुदत संपत आहे. खाली दोन नावं. सहदेव धोंडू तोरसकर आणि कुमारी वनमाला सहदेव तोरसकर. दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील त्याला.

ही सही आपण कधी केली, हे तिला पुसटसं आठवत होतं. कॉलेजात असताना बाबांनी एक फॉर्म पुढे केला होता. ती काहीतरी वाचत होती. "इथे कर," ते म्हणाले, तिने केली. नंतरही एकदोनदा केली.

ती बँकेत जाऊन आली होती. काउंटरवरच्या माणसाने पावत्यांची बेरीज करून सांगितली, तेव्हा तिला वाटलं, तो दुसऱ्याच कोणाचं खातं बघतोय. एक लाखाच्या वर.

आकडा ऐकून शिवदासभाईंनी कपातला चहा तसाच ठेवला. त्यांचा चेहरा बदलला नाही, पण आवाज बदलला. "हे तर कायम चालू होतं? याच्यावर व्याज?"

"दरवर्षी."

त्यांनी पुन्हा पेन्सिल उचलली. पगारात व्याज मिळवलं. बँकेच्या व्याजाची सूट वजा केली. पुन्हा बेरीज केली. "आता रेषेच्या वर गेला," ते म्हणाले. "जास्त नाय. थोडासा. पण तीन-चार वर्षं वर गेला. आणि कुठे सांगितलं नाय."

खाली कोणीतरी कढईत नवीन घाणा टाकला.

त्या रात्री वनमालाला जेवण गेलं नाही. पैसा सापडला म्हणून माणसं हरखतात, आणि इथे तिच्या अंगाला काहीतरी चिकट लागल्यासारखं झालं होतं. मुलुंड पूर्वेची दोन खोल्यांची जागा, बाबांची खुंटीवरची टोपी, त्यांचा तो एकच बरा शर्ट. रिक्षाचे पैसे वाचवायला स्टेशनपासून चालत येणारा माणूस. आणि बँकेत लाख.

तिला आई आठवली. शेवंती तोरसकर महापालिकेच्या इस्पितळात, दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर घातलेल्या गादीवर गेली. त्याआधी एका डॉक्टरने खासगी इस्पितळ सुचवलं होतं. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलं, आईच्या पाटल्या मोडल्या, आणि तरी पुरत नाही म्हटल्यावर ते गप्प बसले. "आपल्याकडे नाहीत गं," एवढंच म्हणाले होते. वनमालाने ते मानलं होतं. नाहीत म्हणजे नाहीत. गरिबीत लाज कसली, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलंही होतं.

पण पावत्यांवरच्या तारखा आईच्या आजारपणाच्याही आधीच्या होत्या.

दुसऱ्या खेपेला ती शिवदासभाईंकडे गेली ती ठरवूनच. त्या साली सरकारने एक सवलत काढली होती. लपवलेलं उत्पन्न मार्चअखेरपर्यंत आपणहून सांगा, कर भरा, दंड नाही, खटला नाही. वर्तमानपत्रांत जाहिराती येत होत्या. शिवदासभाईंकडे त्या निमित्ताने गर्दी होती. सोन्याचे, लोखंडाचे, कापडाचे व्यापारी. त्यांच्या रांगेत हजेरी कारकुनाची मुलगी बसली.

"एवढ्यासाठी?" शिवदासभाई म्हणाले. "बेन, खरं सांगू? एवढ्या व्याजाच्या मागे कोणी येत नाय. माणूस गेला. तुमी गप्प राहिल्या तर कोणाला काय?"

"मला कर भरायचाय. सगळ्या वर्षांचा."

"मग लिवू या, माहिती द्यायची राहून गेली."

"राहून नाही गेली. त्यांनी जाणूनबुजून लपवली. तसंच लिहा."

शिवदासभाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "बाप हाय तुमचा."

"म्हणूनच."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी टाइपिस्टला इंग्रजीत मजकूर सांगितला. माझ्या दिवंगत वडिलांनी सदर ठेवींवरील व्याजाचे उत्पन्न आपल्या मालकीचे असूनही हेतुपुरस्सर उघड केले नाही. त्यांची वारस या नात्याने मी ते आज उघड करत आहे. वनमालाने एकेक शब्द वाचला आणि सही केली. कर तिने स्वतःच्या बचतीतून भरला. त्या पैशाला ती हात लावणार नव्हती. जिना उतरताना तिला वाटलं होतं, घराची एक खोली घासूनपुसून स्वच्छ केली. वाटलं होतं की आता बाबांकडे पुन्हा बघता येईल.

तसं झालं मात्र नाही. फोटोला हार घालताना ती नजर फ्रेमच्या काठावर ठेवायची.

याच दिवसांत धाकू सावंत दोनतीनदा येऊन गेले. ते बाबांच्या गावचे, भरणवाडीचे. घाटकोपरला भटवाडीत राहत, गिरणी सुटल्यावर आता एका शाळेत शिपाई होते. दर खेपेला काहीतरी आणायचे. कधी खटखटे लाडू, कधी कोकमाच्या आगळाची बाटली. पाटावर बसल्यासारखे खुर्चीवर ताठ बसायचे, चहा बशीत ओतून प्यायचे, आणि गावच्या गोष्टी सांगायचे.

"गावाक सरपंचान माणूस आणल्यान व्हाळाकडे. साकवाची जागा बघून गेलो. म्हणता, पिलर घालूक होये."

"हो का," वनमाला म्हणाली. व्हाळ म्हणजे गावचा ओढा आणि साकव म्हणजे त्यावरचा लाकडी पूल, एवढं तिला ठाऊक होतं. समोर ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक उघडं होतं. ते तिने मिटलं नव्हतं, नुसतं पालथं ठेवलं होतं.

"पावसाच्या आधी हात लावलो तर बरा. तुझो बापूस आसतो तर..." त्यांनी बशी खाली ठेवली. "तो असो. तुझा कसा चल्लाहा, बाय?"

"चाललंय, काका."

मग ते उठले. दारात चप्पल घालताना म्हणाले, "फेब्रुवारीत आमचा देवाक गाराणा हा. दरवर्साचा. भटवाडीक, साळेत. ह्या वर्सा तू येवक होया. तुझो बापूस कधी चुकलो नाय."

बाबा दरवर्षी तिला विचारत, "येतंस काय गो वनू?" आणि ती दरवर्षी काहीतरी कारण सांगे. यावेळी तिने हो म्हटलं. वाटलं, शोकसभेसारखं काही असेल. चार माणसं बाबांबद्दल बरं बोलतील. आपण खाली मान घालून ऐकू आणि येऊ. बरं बोललेलं ऐकण्याची तिला भीती वाटत होती, पण ती शिक्षाही आपण भोगायला हवी, असं काहीतरी तिच्या मनात होतं.

भटवाडीच्या शाळेचा तो वर्ग. बाकं भिंतीला लावलेली, मध्ये सतरंजी. फळ्याखाली ग्रामदेवतेचा फोटो, त्याच्यापुढे तांदळावर नारळ, विडा, उदबत्ती. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. पोरं फळ्यावर खडूने बैल काढत होती. कोणी तिच्यापाशी येऊन रडलं नाही की सांत्वन केलं नाही. सगळे उठून उभे राहिले आणि तिला पुढे, फोटोच्या जवळ, बसायला जागा करून दिली. तिला संकोच वाटला. ही जागा बाबांची असणार.

धाकूची सून जयंती तिच्या शेजारी सरकली. "ताई, तुम्ही आलात ते बरं केलंत हां. नाहीतर आमच्या सासऱ्यांचं काही खरं नव्हतं. चार दिवस झोप नाही त्यांना."

"का?"

"का म्हणजे?" जयंती हसली. "बोला त्यांच्याशीच."

तेवढ्यात धाकू पुढे झाले. टोपी नीट केली, हात जोडले, आणि ते तिच्या घरी कधीच बोलले नव्हते अशा आवाजात त्यांनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा वर्ग म्हणाला. पोरांनी खडू टाकले.

"आज तुझी लेकरा मुंबयत तुझ्या नावान एकठय जमली हत. तेंची सेवा मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमचो सहदेव तुझ्या पायाकडे इलो. तेका पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सगळ्या वाडीन पोटाक चिमटो काढून म्हयन्याच्या म्हयन्याक साकवाची पुंजी जमवली. ती सहदेवान आपल्या नावान बँकेत ठेवन जिवापाड जपल्यान. पोटात भूक आसताना तेच्यातलो एक पैसो कधी हलवल्यान नाय. ती ठेव आता तेच्या चेडवाच्या हातात सुखरूप असा. तिका बळ दी, तिची बुद्धी ठाव्यार ऱ्हवांदे, आणि येत्या पावसात आमच्या पोरांचे पाय सुके ऱ्हवांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या आवाजात वनमालाचा आवाज नव्हता. तिचे जोडलेले हात तसेच राहिले होते. उदबत्तीची राख नारळावर पडली, ती तिला दिसली. जयंती तिच्या कानाशी कौतुकाने काहीतरी सांगत होती.

"...दरवर्षी उभे राहून पावत्या वाचून दाखवायचे. कोणी विचारलं, सहदेवानूं, तुमचं काही झालं तर? तर म्हणायचे, माझ्या वनूला सगळं ठाऊक आहे. रोज जेवताना मी तिला सांगतो. तिचंही नाव घातलंय."

रोज जेवताना.

हे खरं होतं. त्या क्षणी, खडूच्या वासात बसलेली असताना, तिला ते सगळं ऐकू आलं. शब्द आधीच कानात पडलेले होते, फक्त कोणी उचलले नव्हते. साकवाचे एवढे झाले गो. साकवाची पावती नवी केली. साकवाला लोखंड घालायचं म्हणतात, लाकडाचा प्रत्येक पावसात वाहून जातो. आमची साळा पलीकडे होती, व्हाळ भरला की चार महिने घरी. माझं शिक्षण तेवढ्यामुळेच अर्धं राहिलं बघ. ती ताटाच्या पलीकडे पाण्याच्या तांब्याला पुस्तक टेकवून जेवायची. हूं म्हणायची. पान उलटायची. साकव म्हणजे बाबांच्या गावच्या गप्पा, जशी खिडकीबाहेर दूधवाल्याची घंटा. आणि अर्ध्या शिक्षणाचा तो माणूस, मुलगी वाचतेय हे बघून, तिचं लक्ष मोडू नये म्हणून, हळू आवाजात सांगायचा.

नारळ फुटला. गूळखोबऱ्याची शेरणी वाटायला सुरुवात झाली. धाकू करवंटी घेऊन तिच्यासमोर येऊन बसले. चेहरा मोकळा झाला होता.

"राग मानू नको हां, बाय," ते म्हणाले. "सुतकाच्या घरात वर्स सरल्याशिवाय मागणा करूचा नाय, अशी आमची रीत. आणि पावस काय थांबाचो नाय. म्हणान देवाक सांगलंय. देवाक सांगूक काय हरकत नाय. तू ऐकलस म्हणजे झाला."

"काका," ती म्हणाली. "आई आजारी होती तेव्हा... तेव्हाही हे पैसे होते ना?"

"होते तर."

"मग बाबांनी मागितले नाहीत?"

"तो कित्याक मागतलो? आमीच सांगललो, घे म्हणान. ह्याच वर्गात. सगळ्यांनी हात वर केलेले. बायकांनी पण." धाकूंनी करवंटीतला एक तुकडा उगाचच सरळ केला. "तुझ्या आवशीन निरोप धाडल्यान. साकवाच्या पैशान मी उठान बसलंय, तर मगे चलू खंयच्या पायान? असा म्हणाली ती. मगे कोण काय बोलतलो?"

जयंतीने शेरणीचा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. वनमालाने तो धरून ठेवला. खाता आला नाही.

आता गप्प बसणं अगदी सोपं होतं. बँकेत जाऊन पैसे काढायचे आणि यांच्या हाती द्यायचे. मुलुंडच्या त्या माळ्यावरचा इंग्रजी कागद इथल्या एकालाही कधी दिसणार नव्हता. बाबांचं नाव या वर्गात जसंच्या तसं राहिलं असतं. तिचंही. ती उठून घरी गेली असती आणि लोक म्हणाले असते, बापासारखीच.

"काका, मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"हे पैसे कोणाचे ते. मी सरकारला लिहून दिलंय, ते बाबांचे म्हणून."

धाकूंनी विचार केला. "बरा मगे. तेच्याच नावान होते. लिवताना तेचोच नाव येतला."

"तसं नाही. लपवले, असं लिहिलंय. बाबांनी स्वतःची कमाई सरकारपासून लपवली. मी सही केलीय."

आसपास शेरणी वाटली जात होती, कोणाचं तरी पोर अजून खोबरं मागत होतं. धाकूंच्या चेहऱ्यावर राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते तिच्याकडे बघत राहिले, अनोळखी माणसाने चुकून घरात शिरावं आणि त्याला काय विचारावं हे सुचू नये, तसे.

"सहदेवान?" शेवटी ते म्हणाले, अगदी हळू. मग मागे वळून पाहिलं. "हय कोणाक सांगू नको. पोराटोरा ऐकतत."

"हो."

"खोडूक येता काय ता?"

"बघते."

"बघ. साकव ऱ्हवलो तर ऱ्हवलो एक वर्स. आधी ता खोडून घे."

ते उठले आणि करवंटी घेऊन पुढच्या माणसाकडे गेले. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. दरवेळी निघताना ठेवायचे. ती ते लक्षात ठेवून घरी गेली.

सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून वनमाला मुलुंडला गेली. मार्च जवळ आला होता, जिन्यावरसुद्धा माणसं उभी होती. शिवदासभाईंनी तिला पाहून कपाळाला हात लावला.

"बेन, तुमचा तर झाला ना! पावती दिली!"

तिने सांगितलं. सगळं सांगितलं, भटवाडीची शाळा, वर्गणी, साकव. शिवदासभाईंनी पेन्सिल कानावर ठेवली आणि पूर्ण ऐकून घेतलं, जे ते सहसा करत नसत.

"म्हणजे तो पैसा त्यांचा नव्हताच," ते म्हणाले. "मग व्याजही त्यांचा इन्कम नाय. नावावर हाय म्हणून इन्कम नाय होत, बेन. हक्काचा पाहिजे. तो माणूस नुसता सांभाळणारा." मग जरा चिडून म्हणाले, "पण आता तुमी लिवून दिला ना! मीच टाइप करून दिला! आता कायद्याने तो पैसा तुमच्या बापाचा, आणि बापाच्या मागे तुमचा. धुतलेला, इस्त्री केलेला. सरकारला काय प्रॉब्लेम नाय. गाववाल्यांना द्यायचा तर देऊन टाका. कशाला उकरता?"

"लपवलं म्हणून लिहिलंय त्यात."

"कोण वाचतो ते? फाइलीत जाईल, फाइल गोदामात जाईल, गोदामात उंदीर वाचतील."

"खोडता येईल का?"

"खोडता नाय येत. त्याच्यावर दुसरा कागद देता येतो. आधी दिलेला चुकीचा होता म्हणून. गाववाल्यांची प्रतिज्ञापत्रं लागतील, वर्गणीचा हिशेब लागेल."

"हिशेब धाकूकाकांकडे आहे. सगळे सह्या देतील."

"ते झाला. पण साहेब पहिला काय विचारणार ठाऊक हाय? बाई, तुमी शिकलेल्या. ग्रंथपाल. बापाबरोबर एका घरात राहिलात. डिसेंबरात सांगता पैसा बापाचा, फेब्रुवारीत सांगता गावाचा. तेव्हा खोटं बोललात की आता? आता भरलेला कर सोडवायला बघता की काय? याला कारण द्यावं लागेल बेन. चांगला घट्ट कारण."

वनमाला खिडकीकडे बघत होती. खालच्या कढईचा धूर तिथून वर येत होता.

"कारण आहे," ती म्हणाली.

"मी लिवतो ना, मला सवय हाय." शिवदासभाईंनी टाइपिस्टला खूण केली. "सदर बाब माझ्या वडिलांनी मला कधीही सांगितली नसल्यामुळे, माहितीअभावी..."

"नाही," ती म्हणाली. "सांगितली होती."

टाइपिस्टची बोटं कळांवर थांबली. तो वयस्क माणूस होता, दिवसभर दुसऱ्यांच्या भानगडी टाइप करून कंटाळलेला. त्याने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"बेन," शिवदासभाई समजुतीने म्हणाले, "मेलेला माणूस सांगायला येत नाय, सांगितली होती की नव्हती. कधी सांगितली नाय असं लिवलं तर तुमच्यावर काही येत नाय."

"त्यांच्यावर येतं. मी लिहू तसं लिहाल का?"

त्यांनी हात पसरले. बोला.

तिने सांगितलं. आवाज निघाला तो घरात, जेवताना, पुस्तकाकडे बघत बोलावं तसा निघाला. खालून घाणा पडल्याचा चर्र आवाज आला आणि जिन्यावर कोणीतरी कोणाला तरी हाक मारली.

टाइपिस्टने कान पुढे केला. "ऐकायला नाही आलं, बाई. जरा मोठ्याने."

रांगेतले दोनतीन व्यापारी वळून बघू लागले. वनमालाने पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली.

"माझे वडील मला हे रोज सांगत असत," ती मोठ्याने म्हणाली. "मी ऐकत नसे."

टाइपरायटर पुन्हा खडखडायला लागला.